मदत हवी आहे : टिनाचं घर, कमी व्होल्टेज – भिंतीवरचं फायरप्लेस कोणतं घ्यावं आणि कसं बसवावं?

पठार_चिखलदरा
नमस्कार. घर चिखलदऱ्याच्या पठारावरच्या गावात आहे. बैठकीची खोली १२ × १४ फूट, उंची १० फूट. भिंती ९ इंची. जुडाई (विटांचा सांधा) बहुतेक मातीची, वरून सिमेंटची छपाई (प्लास्टर). दोन भिंती बाहेरच्या बाजूला. वर टिन, खाली सीलिंग नाही. सासू-सासरे दोघंही सत्तरीच्या पुढचे. डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा एक आकडी होतो, तेव्हा खोलीत घमेल्यात निखारे ठेवतात. ते बंद करून भिंतीवरचं इलेक्ट्रिक फायरप्लेस लावायचा विचार आहे, ज्वाळेचा देखावा आणि खाली ब्लोअर असतो ते. १५०० वॅट घ्यावं की २०००? संध्याकाळी व्होल्टेज १८० पर्यंत उतरतं. इन्व्हर्टर ८५० व्हीएचा, बॅटरी १५० एएच. ४२ इंची मॉडेलचं वजन साधारण १८ किलो, ते ही भिंत पेलेल का? की लाकडाचं खरंच फायरप्लेस बांधून घ्यावं?

धुरांडं
ताई, फायरप्लेस यायचं तेव्हा येईल, घमेलं आजच बाहेर काढा. निखाऱ्याला धूर नसतो म्हणून ते निर्धोक वाटतात, पण कार्बन मोनॉक्साइड त्यातूनच सगळ्यात जास्त निघतो. त्याला ना वास, ना रंग. आधी डोकं जड होतं, मळमळतं, मग झोप लागते, आणि झोपलेल्या माणसाला कळतच नाही. आज रात्रीसाठी गरम पाण्याच्या रबरी पिशव्या आणि जास्तीची गोधडी द्या.

लाकडाच्या फायरप्लेसबद्दल : ते भिंतीवर टांगता येत नाही, त्याला धुराडं लागतं. निदान ६ इंची पाइप, टिनातून बाहेर पडल्यावर ३ फूट वर, आणि १० फुटांच्या आत जे काही उंच असेल त्याच्यापेक्षा २ फूट जास्त. एकेरी पत्र्याचा पाइप लाकडी वाशापासून १८ इंच लांब हवा, नाहीतर वासा वर्षानुवर्षं भाजत जातो आणि एक दिवस पेट घेतो. एवढं करूनही उघड्या फायरप्लेसची बहुतेक ऊब धुराड्यातून वर जाते, वर खोलीतली गरम हवाही ओढून नेते. शिवाय लाकूड आणायचं कुठून? व्याघ्र प्रकल्पाच्या हद्दीतून मोळी आणणं म्हणजे गुन्हा. तुमच्या घरासाठी विजेचंच बरं.

आणि कोणी बायोइथेनॉलचं सुचवलं तर घेऊ नका. त्याला धुराडं नसतं, म्हणजे जळून जे होतं ते सगळं खोलीतच राहतं. तापलेल्या बर्नरमध्ये कोणी पुन्हा इंधन ओतलं की भडका थेट हातावर येतो. म्हाताऱ्या माणसांच्या घरात ते नकोच.

फेज_न्यूट्रल
वॅटचं आधी बघू. आत २० अंश, बाहेर ८ अंश धरा, फरक १२ अंशांचा. १६८ चौरस फूट म्हणजे १५.६ चौरस मीटर टिन. सीलिंग नसलेल्या टिनातून दर चौरस मीटरला, दर अंशाला ६ वॅटच्या आसपास ऊब जाते, म्हणजे एकट्या टिनातून सुमारे ११०० वॅट. बाहेरच्या दोन भिंतींतून ५५०-६००. दारं-खिडक्यांच्या फटींतून २००. बेरीज जवळपास १९००.

आता व्होल्टेज. हीटरची ताकद व्होल्टेजच्या वर्गाने घटते. २३० ला २००० वॅट देणारं यंत्र १८० ला जेमतेम १२२५ वॅट देतं. म्हणजे आज आहे त्या छपराखाली २००० वॅटचं घेऊनसुद्धा संध्याकाळी खोली तापणार नाही, आणि तुम्हाला वाटेल माल खराब निघाला.

स्टॅबिलायझर हा इलाज नाही. २००० वॅट पुरे करायला तो लाइनमधून ११-१२ अँपिअर ओढतो, त्याने सर्व्हिस वायरवरचं व्होल्टेज आणखी पडतं. उपाय छपराला आहे. तिथलं ओळंबाभाऊ सांगतील.

वायरिंग असं करा :
मीटरपेटीपासून फायरप्लेसपर्यंत स्वतंत्र लाइन. फेज आणि न्यूट्रल २.५ चौ. मिमी तांब्याची, अर्थ त्याच जाडीची. वाटेत दुसरा बोर्ड नको, जोड नको. २००० वॅटला २३० वर ८.७ अँपिअर लागतात. हाच भार १ चौ. मिमीच्या वायरीवर २५ मीटर नेला तर ७० वॅटच्या आसपास उष्णता भिंतीतल्या पाइपातच तयार होते. जुन्या घरात बोर्डापर्यंत ॲल्युमिनियमची वायर असते. तिला तांब्याची वायर पिळून वर टेप लावली की तो जोड ओल धरतो, काळा पडतो, आणि जळतो तोही तिथेच.

मीटरपेटीत १६ अँपिअरचा सी-टाइप एमसीबी (भार जास्त झाला की पडणारा स्विच) आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट बॉडीत किंवा जमिनीत गळला की वीज तोडणारा स्विच). आरसीसीबी नसेल तर काम सुरूच करू नका. तुमच्याकडे अर्ध्या हातावर काळा दगड लागतो, तिथे अर्थिंगचा रोध २० ओहम सहज असतो. हीटरच्या बॉडीत फेज उतरला तर २३० भागिले २०, म्हणजे साडेअकरा अँपिअरच वाहतील. १६ चा एमसीबी तेवढ्याने पडत नाही. बॉडी जिवंतच राहते. आरसीसीबी मात्र तत्क्षणी पडतो.

सॉकेट १६ अँपिअरचं, आयएसआय मार्कचं, यंत्राच्या बाजूला. वर नको आणि मागे तर नकोच, गरम हवा त्यालाच लागते. एक्स्टेन्शन बोर्ड आणि ६ अँपिअरचं कन्व्हर्टर पिन वापरूच नका.

इन्व्हर्टरवर हे चालत नाही. ८५० व्हीएचं यंत्र पावणेसातशे वॅटच्या पुढे ओव्हरलोड दाखवून बंद होतं. खेड्यात बऱ्याच ठिकाणी आख्खं घर इन्व्हर्टरच्या आउटपुटवर जोडलेलं असतं. तसं असेल तर ही लाइन इन्व्हर्टरच्या आधीच वेगळी काढा. घर शेतात असेल आणि वीज पंपाच्या कनेक्शनवरची असेल तर हा विषय तिथेच सोडा.

बिलावर मंजूर भार किती आहे तो पाहा. १ किलोवॅट किंवा कमी असेल तर महावितरणकडे भार वाढवायचा अर्ज आधी करा. रोज ४ तास २००० वॅटवर चाललं तर महिन्याला २४० युनिट. घरचा बाकीचा वापर धरून ३०० चा टप्पा ओलांडला की पुढचं युनिट महाग पडतं.

ओळंबा
टिनाखाली सीलिंग करा, मग यंत्र घ्या. वाशांना जीआयची (जस्त चढवलेल्या लोखंडाची) पट्टी मारून सिमेंट बोर्ड किंवा कॅल्शियम सिलिकेट बोर्ड लावा आणि बोर्डावर ५० मिमी ग्लासवूल अंथरा. टिन आणि ग्लासवूलमध्ये ४-५ इंच मोकळी जागा ठेवून दोन्ही टोकांना जाळी बसवा, कारण टिनाला आतून दव सुटतं आणि ग्लासवूल एकदा भिजलं की ऊब धरत नाही. पीओपी तुमच्या धुक्यात चार पावसाळ्यांत फुगेल. थर्माकोल स्वस्त आहे, पण हीटर असलेल्या खोलीत तो वर लावायचा नाही. एवढं केलं की टिनातून जाणारी ऊब ११०० वरून दीडशे वॅटच्या आत येते. वरच्या हिशोबात घालून बघा, खोलीची गरज ९०० वर उतरते. मग १८० व्होल्टलाही तुमचं २००० चं यंत्र पुरून उरतं. उन्हाळ्यातही हेच सीलिंग कामाला येतं.

आता भिंत. पक्क्या विटेत अडचण नाही. ८ मिमीचा बिट, छपाई २० मिमी धरून ७० मिमी खोल भोक, ५० मिमीचा रावल प्लग (स्क्रू धरणारी भोकातली गुल्ली) पूर्ण विटेत गेला पाहिजे. प्लग छपाईतच राहिला तर ४-६ महिन्यांत ब्रॅकेट पुढे झुकतं. फ्लाय ॲशच्या विटा असतील तर कडेपासून २ इंच आत भोक घ्या, कडा फुटतात. मातीच्या जुडाईचं वेगळं आहे. जिथे ब्रॅकेट येणार तिथे ६ मिमीच्या बिटाने एक चाचणीचं भोक पाडा आणि खाली कागद धरा. काय पडतं ते इथे सांगा.

पठार_चिखलदरा
तीन ठिकाणी भोक पाडलं. आधी राखाडी भुकटी, मग एका ठिकाणी लाल भुकटी, बिट जड चालला. उरलेल्या दोन ठिकाणी राखाडीनंतर एकदम तपकिरी माती, ओलसर, बिटाला चिकटून आली. बिट न दाबताच आत गेला. भिंत ठोकली तर बद्द आवाज येतो.

ओळंबा
म्हणजे दोन भोकं दर्जेत (विटांमधल्या मातीच्या सांध्यात) गेली, आणि बद्द आवाज आहे तिथे छपाई भिंतीपासून सुटली आहे. या भिंतीवर वजन टांगू नका. लांब स्क्रू, सिमेंट भरून प्लग, काहीही केलं तरी धरणार नाही. वजन जमिनीवर उतरवा.

४० × ४० मिमीचा, २ मिमी जाडीचा चौकोनी लोखंडी पाइप, दोन उभे खांब, ब्रॅकेटच्या भोकांच्या अंतरावर दोन आडवे. खाली १०० × १०० × ६ मिमीची प्लेट. फरशीखाली नुसता मुरूम असेल तर फास्टनर फरशी घेऊन उचकटतो, म्हणून प्रत्येक खांबाखाली १ फूट × १ फूट × ९ इंच खड्डा, १:२:४ काँक्रीट, त्यात बोल्ट आधीच रोवून. सात दिवस पाणी मारा, त्याआधी भार देऊ नका. वरच्या बाजूला १० मिमीचे दोन आटेवाले रॉड भिंतीच्या आरपार नेऊन बाहेरून ७५ मिमीची प्लेट आणि नट. हे रॉड वजनासाठी नाहीत, चौकट पुढे कलंडू नये एवढ्यासाठी. नट आवळताना जोर लावू नका, मातीची भिंत दबते. रॉडच्या भोकाभोवती बाहेरून सिमेंट लेपा, नाहीतर पावसाळ्यात तिथूनच ओल आत येईल. चौकटीवर सिमेंट बोर्ड चढवला की समोरून भिंतच दिसते.

खोबणी करून यंत्र आत बसवायचा मोह होतो, फोटोत छान दिसतं. मातीच्या जुडाईच्या ९ इंची भिंतीत ५ इंच खोदलं तर वरच्या विटा सुटतात. तुमच्या भिंतीला हात लावायचा नाही.

फेज_न्यूट्रल
त्या लोखंडी चौकटीलाही अर्थ जोडा, हे राहून जातं.

उंची : यंत्राची खालची कड जमिनीपासून दोन फुटांच्या आसपास, म्हणजे खाटेवर बसलेल्याच्या पायांना ऊब लागेल. सोबतच्या पुस्तिकेत जास्त अंतर दिलं असेल तर ते पाळा. समोर ३ फूट मोकळं. खाट, पडदा, वाळत घातलेली शाल, काही नको. घेताना थर्मोस्टॅट आहे का, हवा अडली की आपोआप बंद होतं का, आणि ऊब बंद ठेवून नुसती ज्वाळा चालते का, एवढं पाहा. पीटीसी सिरॅमिकचा (तारेच्या कॉइलऐवजी सिरॅमिकच्या वड्यांचा) हीटर मिळाला तर उत्तम. ब्लोअर मंदावला तर तो स्वतःच ताकद कमी करतो. कमी व्होल्टेजला साध्या एसी मोटरचा पंखा हळू फिरतो, तारेच्या कॉइलची उष्णता बाहेर पडत नाही आणि थर्मल कटआउट (यंत्र फार तापलं की वीज तोडणारा भाग) वारंवार पडतो. लोक कटआउटच काढून टाकतात. तसं कधी करू देऊ नका.

दर्यापूरकडून
मध्येच विचारतो. आमच्याकडे खाली थंडी एवढी नाही, पण असंच यंत्र घ्यायचं आहे. खोली एकच मोठी, भाव येईपर्यंत फेब्रुवारीपर्यंत अर्ध्या खोलीत कापूस असतो. ३ फूट अंतर ठेवलं तर चालेल का?

फेज_न्यूट्रल
नाही भाऊ. तीन फूट नाही, दहा फूटही नाही. कापसाचा तंतू हवेत उडतो, ब्लोअर तो मागच्या जाळीतून ओढतो आणि तो हीटरवर जाऊन बसतो. आधी जळका वास येतो. पेटलेला पुंजका बाहेर फेकला गेला तर कापसाच्या ढिगात आग आतल्या आत धुमसत राहते, वरून पाणी टाकून विझत नाही. कापूस ज्या खोलीत आहे त्या खोलीत हीटर, शेगडी, उदबत्ती काहीच नको. कापूस हलला की खोली झाडून, जाळ्या ब्रशने साफ करून मग लावा.

पठार_चिखलदरा
सीलिंग आधी करते, चौकटीचं लोहाराला सांगितलं. एक शंका. शेजारी साधा हीटर आहे, पावसाळ्यानंतर पहिल्यांदा लावला की आरसीसीबी पडतो. वायरमन म्हणतो आरसीसीबी काढून टाका.

फेज_न्यूट्रल
काढू नका. नळीसारख्या हीटरमध्ये तारेभोवती पांढरी पूड भरलेली असते, ती दमट हवेत पाणी शोषते. तुमच्याकडे चार महिने धुकं घरात फिरतं. करंट त्या ओलीतून बॉडीत गळतो आणि आरसीसीबी त्याचं काम करतो. यंत्र दोन दिवस कडक उन्हात ठेवा, मेगरने (गळती तपासायचा मीटर) फेज-न्यूट्रल एकत्र धरून अर्थशी रोध मोजा. एक मेगाओहमच्या खाली असेल तर लावायचं नाही, आणखी वाळवा. तरी आकडा चढत नसेल तर हीटर बदला. नव्या यंत्रासाठी : जूनमध्ये प्लग काढून जाळ्यांवर कापड बांधून ठेवा, पालीही आत शिरत नाहीत.

बसवल्यावर पहिल्या दिवशी दारं उघडी ठेवून १००० वॅटवर अर्धा तास चालवा, नवेपणाचा वास येतो तो जाऊ द्या. मग २००० वर वीस मिनिटं. मेन बंद करून प्लग काढा आणि पिना बोटाने चाचपा. कोमट चालेल. बोट ठेववत नसेल तर सॉकेटचे स्क्रू सैल आहेत किंवा सॉकेट हलकं आहे. ते बदलल्याशिवाय रात्री लावू नका.