मदत हवी आहे: आरमध्ये तीन गटांचे हिस्टोग्राम एकाच मापावर कसे काढायचे?

नमस्कार मंडळी,

मी शाळेत जीवशास्त्र शिकवते. आर ही आकडेवारीसाठीची संगणकभाषा दोन महिन्यांपासून घरीच शिकते आहे. एकाच प्रजातीतल्या जाती नुसत्या मापांवरून वेगळ्या ओळखता येतात का, हे मुलांना खऱ्या आकड्यांतून दाखवायचं आहे. त्यासाठी ‘पामर पेंग्विन्स’ हा डेटा घेतला. अंटार्क्टिकातल्या पामर द्वीपसमूहावर २००७ ते २००९ मध्ये मोजलेले ३४४ पेंग्विन आहेत: अडेली १५२, जेंटू १२४, चिनस्ट्रॅप ६८. मला फक्त फ्लिपरच्या (म्हणजे वल्ह्यासारख्या पंखाच्या) लांबीचे तीन हिस्टोग्राम, म्हणजे कोणत्या लांबीचे किती पेंग्विन हे दाखवणारे स्तंभालेख, हवेत, जातवार.

आधी ‘ग्रुप बाय’ने गट पाडून ‘हिस्ट’ हे हिस्टोग्राम काढणारं फंक्शन चालवलं. आला एकच हिस्टोग्राम, सगळे पेंग्विन एकत्र.

मग ‘फॉर’ लूप (तीच आज्ञा प्रत्येक जातीसाठी पुन्हा चालवणारा) लावून एकाखाली एक तीन काढले. तिन्ही जवळपास सारखेच दिसले! बराच वेळ बघत बसल्यावर आडव्या अक्षावरचे आकडे वाचले, तेव्हा लक्षात आलं की जेंटूचा अक्ष २०० पासून सुरू होतोय आणि अडेलीचा १७० पासून. जेंटूची सरासरी २१७ मिमी, अडेलीची १९०. हे चित्र वर्गात दाखवलं असतं तर मुलं चुकीचंच शिकली असती, याची मला खरंच धास्ती वाटली.

तिसरा प्रयत्न जीजीप्लॉट या आरमधल्या आलेखांच्या पॅकेजमध्ये, ‘फिल’ला (स्तंभाच्या रंगाला) जात देऊन. रंग छान आले, पण १९० च्या आसपास अडेलीचा स्तंभ मी वेगळ्या मोजलेल्या संख्येपेक्षा उंच जातो. असं का? शिवाय दोन ओळी वगळल्याची ताकीद येते. ते दोन पेंग्विन कुठे गेले?

प्रतिसाद

ताई, त्या दोघांच्या लांबीची नोंदच नाही, डेटात तिथे ‘एनए’ (माहिती नाही) आहे. ताकीद त्याचीच, काळजी नको.

‘ग्रुप बाय’ने पाडलेले गट डीप्लायर या पॅकेजच्या ‘समराइज’सारख्या फंक्शनांना कळतात, ‘हिस्ट’ला नाही.

रंगीत चित्रातले स्तंभ एकावर एक रचलेले असतात, कारण न सांगता ‘पोझिशन’ ‘स्टॅक’ धरली जाते. तुमचा अडेली चिनस्ट्रॅपच्या डोक्यावर उभा आहे. ‘पोझिशन’ला ‘आयडेंटिटी’ आणि ‘अल्फा’ (पारदर्शकता) ०.५ दिलंत तर स्तंभ एकमेकांतून आरपार दिसतील, पण तीन रंग मिसळले की मागच्या बाकावरून काही कळायचं नाही. त्यापेक्षा प्रत्येक गटाचं वेगळं चित्र काढणाऱ्या ‘फॅसेट रॅप’ला जात द्या आणि ‘एनकॉल’ (उभ्या रांगांची संख्या) १ ठेवा. आडवा अक्ष तिघांना एकच मिळतो. ‘स्केल्स’ला ‘फ्री’ मात्र देऊ नका, नाहीतर लूपमधली गडबड परत होईल. ‘बिनविड्थ’ (कप्प्याची रुंदी) ५ आणि ‘बाउंडरी’ (कप्प्याची कड) १७० द्या. काही दिलं नाही तर जीजीप्लॉट ३० कप्पे पाडतो, ते इथे फार बारीक होतात. चिनस्ट्रॅप ६८च असल्याने त्यांचे स्तंभ बुटके दिसतील. संख्या नको, आकाराची तुलना हवी असेल तर ‘वाय’ला (उभ्या अक्षाला) ‘आफ्टर स्टॅट’ची ‘डेन्सिटी’ (संख्येऐवजी घनता) द्या.

लूपच ठेवायचा असेल तर ‘ब्रेक्स’ (कप्प्यांच्या सीमा) १७० ते २३५, पाचाच्या अंतराने, तिन्हींना तेच द्या. अक्ष आपोआप जुळेल.

धागाकर्ती

जमलं दादा, मनापासून आभार! जेंटू उजवीकडे सरकलेले स्पष्ट दिसतात. अडेली आणि चिनस्ट्रॅप मात्र फ्लिपरवरून वेगळे काढता येत नाहीत, बरेचसे एकाच पट्ट्यात येतात. आता चोचीची लांबी घेऊन हेच परत काढते.