‘डोमिनियम’, ‘पोसेसिओ’ आणि ‘इन्सुला’ : मराठी प्रतिशब्द

प्रश्न : रोमन वसाहतींतील जमीनजुमल्याविषयी लिहिताना ‘डोमिनियम’ (कायदेशीर पूर्ण स्वामित्व) आणि ‘पोसेसिओ’ (प्रत्यक्ष ताबा) या लॅटिन संज्ञांच्या दोहोंसाठी ‘मालकी’ हा एकच शब्द चालेल काय? ‘इन्सुला’ला, म्हणजे भाड्याने दिल्या जाणाऱ्या जागांच्या वास्तूला, ‘चाळ’ म्हणावे काय?

उत्तर : एकच शब्द वापरू नये, असे माझे स्पष्ट मत आहे, कारण रोमन कायद्याचा सारा भर याच भेदावर होता. इटलीतील जमिनीवर नागरिकाला पूर्ण ‘डोमिनियम’ मिळे. प्रांतांतील जमिनीविषयी मात्र दुसऱ्या शतकातील न्यायवेत्ता गायस सांगतो, की तिचे ‘डोमिनियम’ रोमन जनतेकडे किंवा सम्राटाकडे असते आणि धारकाकडे केवळ ताबा (‘पोसेसिओ’) व उपभोग असतो. (‘इटालियन हक्क’ मिळालेल्या थोड्या वसाहती याला अपवाद होत्या.) म्हणून पहिल्यासाठी ‘मालकी’ आणि दुसऱ्यासाठी ‘भोगवटा’ हे शब्द मला योग्य वाटतात. मात्र सातबाऱ्यावरील ‘भोगवटादार वर्ग 2’ डोळ्यांसमोर आणू नये. ती जमीन विकायला शासनाची परवानगी लागते, तर प्रांतातील रोमन धारक आपली जमीन विकू शकत असे आणि ती वारसांकडेही जात असे.

हा भेद कागदोपत्री कसा उतरे, हे फ्रान्समधील ऑरांज या जुन्या रोमन वसाहतीत दिसते. इ. स. 77 मध्ये सम्राट व्हेस्पासियनने, खाजगी लोकांनी वर्षानुवर्षे बळकावलेली सार्वजनिक जमीन परत मिळवण्यासाठी, तेथे संगमरवरी नकाशा लावून प्रत्येक ‘सेंचुरिया’चा (मोजून आखलेल्या जमिनीच्या चौकोनाचा) वार्षिक खंड नोंदवण्याची आज्ञा दिली. एक सेंचुरिया सामान्यतः 200 युगेरांची, म्हणजे सुमारे 50 हेक्टरांची असे. निवृत्त सैनिकांना दिलेली, स्थानिक त्रिकास्तिनी जमातीला परत केलेली आणि वसाहतीने खंडाने दिलेली जमीन त्यावर वेगवेगळी दाखवली आहे. या तिसऱ्या प्रकारासाठी ‘खंडाची जमीन’ हा आपला रुळलेला शब्द पुरेसा आहे.

‘चाळ’ मात्र मी टाळेन. पाँपेई या प्राचीन रोमन शहरात भिंतीवर रंगवलेली भाड्याची एक जाहिरात सापडली. ग्नाएउस अल्लेयुस निगिदियुस मायुस याच्या ‘इन्सुला’तील पोटमाळ्यांसह दुकाने, वरच्या मजल्यावरील उंची जागा आणि घर 1 जुलैपासून भाड्याने द्यायचे असून इच्छुकांनी त्याचा गुलाम प्रिमुस याला भेटावे, असे तीत म्हटले आहे. इतक्या भिन्न जागा एकत्र असताना ‘चाळ’ वाचकाला चुकीचे चित्र देईल. येथे ‘भाड्याच्या जागांचा गट’ आणि रोम शहरातील बहुमजली वास्तूसाठी ‘भाड्याची इमारत’ असे म्हणावे.

पुरवणी शंका : दुसऱ्याच्या जमिनीवर बांधलेल्या घराचा मालक कोण?

उत्तर : जमिनीचा मालक, कारण बांधकाम जमिनीमागे जाते, म्हणजे जमिनीचाच भाग ठरते, हे रोमन कायद्याचे मूळ सूत्र होते. तरीही शहरांनी सार्वजनिक जागा दीर्घ मुदतीने दिल्या, तेव्हा बांधणाऱ्याला जागेचे भाडे भरून इमारत वापरण्याचा ‘सुपरफिकिएस’ हा हक्क मिळे, आणि त्या वापरात कोणी अडथळा आणल्यास प्रेटर हा न्यायदानाचा रोमन अधिकारी मनाईहुकूम देई. त्यासाठी ‘बांधकाम-भोगाचा हक्क’ असे लिहावे. ‘घरमालक’ हा शब्द येथे वापरू नये.