भरीत पार्टीचे मेसेज गेले कुठे?

प्रेषक: नाना, सचिव

राम राम मंडळी,
भरीत पार्टीचा मेसेज इथे अमेरिकेत आपल्या मंडळाच्या नंबरावरून सगळ्यांना सोडला होता. निम्म्या घरांत पोचलाच नाही. दोघा-तिघांनी फोन करून ऐकवलं, "आम्हाला यादीतून उडवलं का?" वांगी किती आणायची, भाकरीला कळण्याचं (ज्वारी-उडदाचं) पीठ किती लागेल, काहीच ठरेना. यातलं कुणाला कळतं का?

प्रेषक: यावलकर

नाना, कुणी उडवलेलं नाही. मी दिवाळीपासून यावलला घरी आहे, पण नोकरी मेसेज पाठवण्याच्याच धंद्यातली, म्हणून इथून लिहितो.

अमेरिकेत साध्या दहा आकडी नंबरावरून सॉफ्टवेअरने मेसेज पाठवायचे तर संस्था कोणती, मेसेज कशाचे, याची नोंद 'द कॅम्पेन रजिस्ट्री'त लागते. २०२३ च्या ऑगस्टअखेरीपासून ट्विलिओ, म्हणजे असे मेसेज पाठवून देणारी सेवा, बिननोंदणीचे मेसेज अडवते. पण नोंद नसती तर तुमचा मेसेज कुणालाच गेला नसता. निम्म्यांना गेला, म्हणजे मजकूर चाळणीत अडकलाय. प्रत्येक मोबाइल कंपनीची चाळणी वेगळी, म्हणून एकाच घरात नवऱ्याला मिळतो आणि बायकोला नाही. ट्विलिओ वापरत असाल तर लॉग, म्हणजे पाठवलेल्या मेसेजांची यादी, उघडा. अडलेल्या मेसेजापुढे ३०००७ हा एरर कोड दिसला तर हेच. ३००३४ म्हणजे नंबरच नोंदवलेला नाही.

तुमचा मेसेज मी पाहिला. मंडळाचं नाव शेवटी, मध्ये आखूड लिंक, वर "आजच पैसे भरा". नको असेल तर 'स्टॉप' लिहा, ही ओळ नाही. ठगांचे मेसेज असेच असतात हो! आखूड लिंक तर आधी काढा, तीच सेवा ठगही वापरतात.

आणि देवनागरीत एका मेसेजात ७० च अक्षरं बसतात, इंग्रजीत १६०. मेसेज लांबला की तुकड्यामागे ६७. काना-मात्राही वेगळी मोजतात. 'कळण्याची' हा एकच शब्द आठ अक्षरं खातो. त्याने अडत नाही, पण बिल वाढतं.

मला चीड येते ती वेगळ्याच गोष्टीची. अडवला तर अडवला, पण ज्याच्यासाठी होता त्याला पत्ताच लागत नाही. मग माणूस सचिवावर रुसतो.

प्रेषक: रावेरहून ताई

यावलकर भाऊ, इकडेही तेच. आमचा शेतकरी गट रोज केळीचा भाव एसएमएसने देतो. ट्रायच्या (दूरसंचार नियामकाच्या) २०१८ च्या नियमाने संस्था, पाठवणाऱ्याचं नाव आणि मजकुराचा साचा, सगळं डीएलटीवर, म्हणजे मोबाइल कंपन्यांच्या नोंदणी-यंत्रणेवर, आधी मंजूर करून घ्यावं लागतं. आमच्या साच्यात बदलायला मोकळी जागा फक्त आकड्यांची. गटातल्या पोराने परवा साच्यात नसलेला 'कांदेबाग' शब्द घातला, मृगबागेच्या भावाशी घोळ नको म्हणून (दोन्ही केळीच्याच बागा, लागवडीचा हंगाम वेगळा). पूर्ण खेप गडप. त्या दिवशी बऱ्याच जणांनी व्यापारी म्हणेल त्या भावात माल कापू दिला. १ ऑक्टोबर २०२४ पासून तर लिंकही आधी नोंदवलेलीच चालते.

२०२१ च्या मार्चमध्ये ही तपासणी पहिल्यांदा कडक केली तेव्हा बँकांचे ओटीपीच अडले होते, ट्रायला आठवडाभर थांबवावी लागली. आता घडी बसली म्हणतात. पण कर्जाचे आणि रमीचे मेसेज साध्या सिमवरून रोज येतात की! नियम पाळणाऱ्याचीच झडती.

साच्यात 'बागेचा प्रकार' अशी मोकळी जागा मागितलीय. मंजुरी यायचीय.

प्रेषक: नाना, सचिव

लॉग पाहिला. अडलेल्या सगळ्यांपुढे ३०००७. आखूड लिंक काढून मंडळाच्या साइटचा पूर्ण पत्ता टाकलाय, नाव सुरुवातीला घेतलंय, पैशांची ओळ उडवली, 'स्टॉप'ची घातली. नवा मेसेज उद्या सकाळी जाईल. शनिवारपर्यंत ज्यांचं उत्तर नाही त्यांना अक्का फोन करतील, तेव्हा फोन उचला.

ताई, माझीही बाग आहे तिकडे, वाट्याने दिलेली. भाव मला व्हॉट्सअ‍ॅपवरच टाकत जा.