बांदोलची रेड वाईन: पहिल्या घोटाला नुसती तुरट आणि जळजळीत. चाखायची कशी?

कातळफूल:
दक्षिण फ्रान्समधल्या बांदोलच्या एका कौटुंबिक इस्टेटीच्या रेडच्या दोन बाटल्या आहेत. साल 2020, लेबलवर 14 टक्के अल्कोहोल. एक उघडली आहे. मुंबईत खोलीतच ठेवलेली होती (तापमान 29-30 अंश), उघडल्या उघडल्या ओतली, सोबत झणझणीत सुकं मटण. वास जळक्या काडीचा, थोडा रबराचा. तोंडात तुरटपणा आणि जळजळ, फळ जवळपास नाहीच. अर्धी बाटली बूच लावून फ्रिजमध्ये आहे. वाईन खराब आहे की पद्धत चुकली? दुसरी बाटली कधी आणि कशी उघडावी?

तळघर:
आधी तापमान. 'रेड रूम टेम्परेचरला प्यावी' हा सल्ला युरोपातल्या थंड घरांचा, 17-18 अंशांच्या खोल्यांचा. 30 अंशांवर 14 टक्क्यांच्या वाईनमधलं अल्कोहोल आधी नाकात चढतं आणि फळ त्याच्यामागे दडतं. बांदोल 16-17 अंशांवर ओता. खोलीतली बाटली असेल तर बादलीत निम्मा बर्फ, निम्मं पाणी घालून बाटली मानेपर्यंत बुडवा, साधारण 15 मिनिटं पुरतात. नुसता बर्फ नको, काचेला तो सगळीकडून टेकत नाही. फ्रिजमधून काढलेली असेल तर उलटं करा, अर्धा-पाऊण तास बाहेर ठेवा. फार थंड प्यायली तर तुरटपणा आणखी बोचतो, म्हणून 12 अंशांवरही नको. ग्लासात ती भराभर तापते, तेव्हा एका वेळी 75 ते 90 मिलिलिटरच ओता.

दुसरी चूक मटणाची. मटण बरोबर, तिखट चूक. मिरचीचा दाह अल्कोहोलने वाढतो आणि टॅनिन, म्हणजे द्राक्षाच्या साली-बियांतून येणारं तुरट द्रव्य, त्यावर आणखी खरखरतं. लाल तिखट अगदी कमी, काळी मिरी, लसूण, तेजपान आणि मीठ नीट असलेलं, चरबी राखलेलं मटण करा. मीठ, चरबी आणि प्रथिनं टॅनिनची धार बोथट करतात. प्रोव्हान्समध्ये, म्हणजे बांदोल ज्या प्रांतात आहे तिथे, या वाईनसोबत कोकराचं मांस, वाईनमध्ये मंद शिजवलेलं गोमांस किंवा काळ्या ऑलिव्हची चटणी असते. बांगडा आणि तारली मात्र टाळा. रेडमधलं लोह आणि माशाचं तेल एकत्र आलं की तोंडात धातूची, शिळ्या मासळीची चव उरते.

रानमेवा:
जळक्या काडीचा वास हा या द्राक्षाचा स्वभाव आहे, त्याला लगेच दोष म्हणू नका. बांदोल रेडमध्ये किमान 50 टक्के मूर्व्हेद्र हे काळं द्राक्ष लागतं आणि किमान 18 महिने लाकडात मुरवणं सक्तीचं आहे. मूर्व्हेद्र टॅनिनने भरलेलं, आणि मुरताना प्राणवायू कमी पडला की गंधकाचे वास धरणारं. शिवाय उशिरा पिकणारं. प्रोव्हान्समधले शेतकरी म्हणतात की त्याला 'तोंड उन्हात आणि पाय पाण्यात' हवेत. बांदोल समुद्राला लागून, मार्सेय आणि तुलाँच्या मधे, दक्षिणेकडे तोंड केलेल्या दगडी बांधांच्या पायऱ्यांवर. म्हणून तिथे ते पुरतं पिकतं.

वेलींची मुळं पोखरणाऱ्या फिलॉक्सेरा किडीनंतर तिथे जास्त उत्पन्नाच्या जाती आल्या आणि मूर्व्हेद्र मागे पडलं. ते परत आणण्यात ल्युसियाँ पेरो यांचा मोठा वाटा. 1936 मध्ये त्यांचं लग्न ल्युसी टांपिए यांच्याशी झालं आणि सासरची दोमेन टांपिए ही इस्टेट पुढे त्यांनी चालवली. बांदोलला 1941 मध्ये स्वतंत्र नामांकन (फ्रान्समधला AOC हा अधिकृत प्रदेश-दर्जा) मिळालं, त्यामागेही त्यांची खटपट होती. कौटुंबिक इस्टेट म्हणजे काय हे इथे नीट कळतं: वेल लावणारा, त्याच्या म्हातारपणाची वाट पाहणारा आणि बाटली भरणारा एकाच घरातला. लेबलवर 'मी आँ बुतेय ओ दोमेन' असेल तर वाईन इस्टेटीतच बाटलीबंद झाली आहे.

आता उपाय. वाईन दोन तास डिकँटरमध्ये, म्हणजे तिला हवा लागावी म्हणून वापरायच्या रुंद बुडाच्या काचपात्रात, ओतून ठेवा. डिकँटर नसेल तर काचेचा रुंद जग चालतो. तरीही रबर गेलं नाही तर एका ग्लासात तांब्याची चकचकीत घासलेली तार मिनिटभर फिरवून काढा. वास विरला तर तो साधा गंधक होता. हे फक्त परीक्षेपुरतं. आंबट वाईन तांब्याच्या भांड्यात ठेवायची नाही.

सहावा रस:
चाखण्याबद्दल. पांढऱ्या कागदावर ग्लास तिरका धरून कड पाहा: जांभळट कड म्हणजे तरुण, विटकरी म्हणजे वय झालेली. न हलवता एकदा हुंगा, मग गोल फिरवून पुन्हा. घोट लहान घ्या, आठ-दहा सेकंद हिरड्यांपर्यंत फिरवा.

'तुरट' ही तक्रार मानू नका. आपल्याकडे तो सहा रसांपैकी एक रस आहे, आणि टॅनिनसाठी याहून नेमका शब्द नाही. टॅनिन लाळेतल्या प्रथिनांना बांधतं, म्हणून तोंड कोरडं पडतं. बघायचं ते त्याचा पोत: हिरव्या केळ्यासारखा जीभ ओढणारा, की पिकल्या जांभळासारखा, आधी गर आणि मग कोरड? चांगल्या बांदोलमध्ये दुसरा. वासात करवंद, काळी मिरी, ज्येष्ठमध, चामडं, सुकलेल्या रानझुडपांचा दर्प शोधा. सगळं पहिल्या ग्लासात मिळणार नाही. ओतल्याबरोबर, एका तासाने, तीन तासांनी आणि दुसऱ्या दिवशी दोन-दोन ओळी लिहून ठेवा. या वाईनचं खरं मूल्यमापन त्या चार नोंदी शेजारी ठेवूनच होतं.

कातळफूल:
फ्रिजमधली अर्धी 17 अंशांवर आणून पुन्हा चाखली. रबर गेलं, करवंद आणि मिरी स्पष्ट. पण तबेल्यासारखा एक हलका वास आहे. हा दोष?

तळघर:
तो बहुधा ब्रेटॅनोमायसिस यीस्टचा. फळाच्या मागे हलका असेल तर अनेकांना चालतो, मलाही. बँडेजचा वास पुढे येऊन फळ झाकत असेल तर दोष. ओल्या गोणपाटाचा वास म्हणजे बुचाचा दोष, तो हवेने जात नाही. नेलपॉलिशचा वास म्हणजे वाईन व्हिनेगरच्या वाटेवर.

दुसरी बाटली आधी तपासा. बूच वर सरकलेलं किंवा गळ्याशी चिकट ओघळ असेल तर उष्णता लागली आहे. अशी वाईन शिजलेल्या जॅमसारखी लागते, ती थांबवू नका, पिऊन टाका. ठीक असेल तर 12 ते 15 अंशांच्या वाईन कॅबिनेटमध्ये आडवी ठेवा. बांदोल मधल्या वयात अनेकदा मिटून बसते, म्हणजे वास-चव फारशी दाखवत नाही, दहाव्या वर्षाच्या आसपास उघडू लागते. कॅबिनेट नसेल तर वर्षानुवर्षं खोलीत ठेवण्यापेक्षा या हिवाळ्यातच उघडा: आदल्या दिवशी उभी करा म्हणजे गाळ तळाशी बसेल, गळ्यामागे टॉर्च धरून सावकाश ओता आणि गाळ दिसताच थांबा. तळाचे दोन-तीन चमचे सोडावे लागतात.