प्रयोगाची परवानगी म्हणजे सगळे हक्क नव्हेत
वर दादांनी लिहिलंय की लेखकाने एकदा मानधन घेतलं की संहिता आपली, मग प्रयोग करा नाहीतर यूट्यूबवर टाका. नाही हो दादा, असं अजिबात नाही. १९५७च्या कॉपीराइट कायद्यात छापणं, स्टेजवर करणं, भाषांतर, रूपांतर, त्यावर फिल्म काढणं हे हक्क वेगवेगळे धरलेत, जेवढं लिहून दिलं तेवढंच मिळतं. इथे सांगलीतच एका ग्रुपने माझी एकांकिका घेतली, परवानगीपत्रावर 'फक्त स्पर्धेतील प्रयोगासाठी' एवढी ओळ होती, नंतर बघतो तर अख्खं रेकॉर्डिंग जाहिरातींसकट चॅनलवर आणि मला साधा फोनसुद्धा नाही. त्या एका ओळीच्या जोरावरच व्हिडिओ उतरवायला लावला.

आणि हक्क लिहून देताना मुदत टाकली नसेल तर कायदा ५ वर्षंच धरतो, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत, हे नवीन लिहिणाऱ्या पोरांना कोणी सांगतच नाही. लेखक गेल्यावरही ६० वर्षं कॉपीराइट चालू राहतो, म्हणजे घरच्यांचाही प्रश्न आहे. १८४३ला विष्णुदास भाव्यांनी जिथे नाटक उभं केलं त्या गावात लेखकाला प्रयोगामागे पैसे मागायला लाज वाटावी, हे मला खरंच सहन होत नाही. दादा, तुमच्याकडचा कागद काढा आणि त्यात नक्की कुठले हक्क लिहिलेत ते आधी बघा.