मदत हवी आहे: तान्ह्या बाळाच्या फोटोतील लालसरपणा कसा कमी करावा?

ठाण्यात पाचपाखाडीला राहणाऱ्या मावसबहिणीच्या तान्ह्या बाळाचे फोटो मी खिडकीतल्या उजेडात, रॉ स्वरूपात (कॅमेऱ्याच्या मूळ, प्रक्रिया न केलेल्या फाइलमध्ये) काढले आहेत. मात्र हिरव्या पडद्याची झाक गालांवर उतरली असून हातापायांचा लालसरपणाही फार उठून दिसतो. लाइटरूम या फोटो सुधारण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये पांढऱ्या दुपट्यावरून व्हाइट बॅलन्स (रंगांचा समतोल) जुळवून लाल रंगाचे सॅच्युरेशन (तीव्रता) उतरवले, की हातपाय सुधारतात, पण ओठ निस्तेज पडतात. अशा वेळी केवळ त्वचेपुरते मास्किंग करावे (म्हणजे तेवढाच भाग निवडून बदल करावा), की नारिंगी रंगाचे ल्युमिनन्स (उजळपणा) वाढवावे? नाकावरचे बारीक पांढरे पुरळ काही आठवड्यांत आपोआप जाते, म्हणून ते हीलिंग ब्रशने (डाग पुसण्याच्या साधनाने) पुसायला माझी हरकत नाही. कपाळावरची जन्मखूण मात्र, आजीबाईंनी कितीही सुचवले तरी, मी ठेवणार आहे. टेक्स्चर स्लायडर (त्वचेचा बारीक पोत कमी-जास्त करणारी पट्टी) कितपत खाली आणला असता बाळ मेणाचे वाटणार नाही, हेही जाणकारांनी कृपया सांगावे.