टीव्ही, फायर स्टिक, रास्पबेरी पाय आणि पीसी: एका रिमोटवर कसं भागवावं?

डबलक्लिक
टीव्हीला तीन वस्तू जोडलेल्या आहेत: ॲमेझॉनची फायर स्टिक, रास्पबेरी पाय ४ हा तळहाताएवढा संगणक (त्यावर लिब्रेएलेक, म्हणजे सिनेमे-गाणी चालवणारं कोडी) आणि विंडोजचा मिनी पीसी, त्यावरही कोडीच. पाय आणि पीसी टीव्हीखालच्या कपाटात, दार लाकडी. सोफ्यावर तीन रिमोट आणि एक कीबोर्ड. वापरणाऱ्यांत सत्तरीपुढचे दोघं आहेत, त्यामुळे बटणं कमी हवीत. एअर माउस (हवेत हलवून पॉइंटर फिरवायचा रिमोट) घ्यावा का? जाणकारांनी सल्ला द्यावा.

तेरावी पिन
आधी काहीच घेऊ नका. फायर स्टिक आणि पाय टीव्हीच्याच रिमोटवर चालतात. एचडीएमआयच्या १३ नंबरच्या पिनवरून सीईसी नावाची निरोपानिरोपी चालते. टीव्हीच्या रिमोटचे बाण, ओके, बॅक त्यावरून जोडलेल्या वस्तूपर्यंत पोचतात. टीव्हीच्या सेटिंगमध्ये मात्र 'सीईसी' असं शोधू नका, प्रत्येक कंपनीने बारसं वेगळं केलंय: सॅमसंगचं एनीनेट प्लस, एलजीचं सिमलिंक, सोनीचं ब्राव्हिया सिंक. ते सुरू करा. फायर स्टिकमध्ये डिस्प्ले अँड साउंड्सखाली एचडीएमआय सीईसी डिव्हाइस कंट्रोल आहे, तेही सुरू.

पाय ४ ला दोन मायक्रो-एचडीएमआय असतात. केबल पॉवरच्या यूएसबी-सी सॉकेटशेजारच्या पोर्टात लावा.

मग एक तक्रार हमखास येते: पाय रीस्टार्ट झाला की टीव्ही आपोआप सुरू होतो. कोडीत सेटिंग्ज, सिस्टिम, इनपुट, पेरिफेरल्स, सीईसी ॲडॉप्टर इथे जा. सुरू होताना कोणती उपकरणं चालू करायची, तिथे 'काहीच नाही' निवडा. त्याच यादीत टीव्ही बंद केल्यावर कोडीने काय करायचं तेही ठरवता येतं.

सगळं नीट असून रिमोट मुका राहिला तर केबल बदलून बघा, स्वस्त केबलमध्ये १३ ची तार नसते असंही होतं. मध्ये स्प्लिटर असेल तर तो काढून बघा. तरीही नाही तर टीव्हीसकट सगळ्यांचे प्लग भिंतीतून काढून पाच मिनिटं थांबा. नुसत्या स्टँडबायने भागत नाही.

डबलक्लिक
धन्यवाद, फायर स्टिक आणि पाय दोन्ही चालले. मिनी पीसी मात्र ढिम्म.

तेरावी पिन
पीसीच्या ग्राफिक्समध्ये सीईसी बहुतेक नसतंच, ड्रायव्हर शोधत बसू नका. पल्स-एट कंपनीचा यूएसबी-सीईसी ॲडॉप्टर मिळतो, पण परदेशातून मागवावा लागतो. आयआरचा, म्हणजे साध्या रिमोटच्या इन्फ्रारेड किरणांचा, मार्ग सोपा.

अडतीस किलोहर्ट्झ
आयआरसाठी फ्लर्क. यूएसबीची छोटी कांडी, पीसीला ती कीबोर्ड वाटते. त्यांचं सॉफ्टवेअर उघडायचं, कोडीचा लेआउट निवडायचा, स्क्रीनवरचं बटण दाखवेल तसं रिमोटवरचं दाबत जायचं. शिकवलेलं कांडीतच साठतं, त्यामुळे विंडोज नव्याने टाकलं तरी पुन्हा शिकवावं लागत नाही.

दोन पथ्यं. कपाटाचं दार लाकडी, म्हणजे आयआर आत जाणार नाही. कांडी यूएसबी एक्स्टेन्शनने बाहेर आणा. आणि टीव्हीचाच रिमोट शिकवू नका, एक बाण दाबला की टीव्ही आणि पीसी दोघंही हलतील. घरात नसलेल्या कंपनीचा कोड लावलेला युनिव्हर्सल रिमोट घ्या: टीव्ही मोडमध्ये टीव्ही, दुसऱ्या मोडमध्ये पीसी. माइकवाले नवे रिमोट बरेचसे ब्लूटूथवर बोलतात, ते फ्लर्कला दिसणार नाहीत. मोबाइलच्या सेल्फी कॅमेऱ्यासमोर धरून बटण दाबा. टोकाला जांभळट लुकलुक दिसली तर ते बटण आयआरचं.

रिमोटने पीसी झोपेतून उठवायचा तर बायॉसमध्ये (पीसी सुरू होतानाच्या मूळ सेटिंगमध्ये) ईआरपी हा वीजबचतीचा पर्याय बंद करा, नाहीतर झोपेत यूएसबीची वीजच तुटते.

पेंचिस
एवढी खटपट कशाला? एअर माउस घ्या, त्याचं यूएसबी डोंगल लावा, झालं.

अडतीस किलोहर्ट्झ
दार बंद ठेवून चालतो, हे त्याचं खरं बलस्थान. पण डोंगल निळ्या यूएसबी ३ पोर्टात, त्याच्या शेजारी हार्ड डिस्क, असं ठेवलंत तर बटणं गिळली जातात. यूएसबी ३ चा गोंगाट नेमका २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात पडतो. अर्ध्या मीटरच्या वायरने डोंगल दूर न्या. शिवाय हात हलला की स्क्रीनवरचा पॉइंटर पळतो, ज्येष्ठांना तो आवरत नाही. पॉइंटर बंद करायचं स्वतंत्र बटण असलेलाच घ्या आणि कोडीच्या इनपुट सेटिंगमध्ये माउस सपोर्ट काढून टाका.

सोल्डरची वाफ
पायला जुन्या डीटीएचच्या रिमोटवर चालवायचं असेल तर ४० रुपयांच्या आसपासच्या सुट्या आयआर रिसीव्हरनेही भागतं, पण दुकानात नंबर वाचून घ्या. मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तापकीर गल्लीत 'टीसॉप' (या रिसीव्हरचं नाव) म्हटलं की १७३८ हातात ठेवतात. तो ५ व्होल्टचा. त्याचं आउटपुट थेट पायच्या ३.३ व्होल्टच्या पिनला दिलंत तर पिन जळू शकते. ३८२३८ मागा, तो ३.३ वर चालतो. दोन्ही रिसीव्हरच्या तारांचा क्रमही वेगळा. गोल फुगवटा आपल्याकडे धरून डावीकडून: १७३८ ला ग्राउंड, व्होल्टेज, आउटपुट, ३८२३८ ला आउटपुट, ग्राउंड, व्होल्टेज. जुनी आकृती बघून जोडलंत तर उलटसुलट होईल.

आउटपुट पायच्या जीपीआयओ १८ ला (बोर्डावरच्या पिनांच्या रांगेत १२ वी पिन), व्होल्टेज १ नंबरला, ग्राउंड ६ ला. व्होल्टेजच्या तारेत १०० ओहम आणि रिसीव्हरजवळ ४.७ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर टाका, न दाबताच लागणारी भुताटकी बटणं थांबतात. कॉन्फिग फाइलमध्ये जीपीआयओ-आयआर ओव्हरले सुरू करा. पुढे लर्क हे रिमोटचं जुनं सॉफ्टवेअर लागत नाही, बटणं जुळवायला आयआर-कीटेबल ही कमांड पुरते.

पेंचिस
पाया पडतो. फायर स्टिकचा रिमोट अधूनमधून तुटतो, त्याचं काय?

तेरावी पिन
स्टिक टीव्हीच्या पाठीला चिकटलेली असणार. खोक्यात आलेला बोटभर एचडीएमआय एक्स्टेंडर लावून ती मोकळी लोंबू द्या. वीज टीव्हीच्या यूएसबीवरून न घेता सोबतच्या ॲडॉप्टरवरून. तरीही तुटला तर होम बटण १० सेकंद दाबून पुन्हा पेअर.

रिमोट हरवला आणि वायफायही बदललं असेल तर एका फोनवर जुन्याच नावाचा, जुन्याच पासवर्डचा हॉटस्पॉट सुरू करा, २.४ गिगाहर्ट्झवर. स्टिक आपणहून जोडली जाईल. दुसरा फोन त्याच हॉटस्पॉटवर घेऊन फायर टीव्ही ॲप उघडा आणि तिथूनच नवं वायफाय भरा. अर्थात सीईसी आधीच सुरू असेल तर टीव्हीच्या रिमोटनेच हे होतं, ॲपची गरज नाही.